कंबरदुखी, तितिक्षा आणि वैद्याचे दार

कंबर दुखू लागली तर डॉक्टरकडे कधी जावे, हा प्रश्न तसा दवाखान्यातला. पण आपल्या घरांमध्ये त्याचे उत्तर बहुधा देवघराच्या बाजूने येते. देहाचे भोग देहानेच भोगायचे, वय झाले की हे चालायचेच, कुरकुर करू नये, नाव घ्यावे आणि कामाला लागावे, अशी ती शिकवण. उसण भरली तर शेक, बाम, महानारायण तेल. कुठे कुठे अजून पायाळू माणसाची कमरेवर अलगद लाथ. एवढ्याने भागले नाही तरी जो दुखणे अंगावर काढतो त्याच्याबद्दल, आणि त्याहून जास्त जी काढते तिच्याबद्दल, आदराने बोलले जाते. ही वृत्ती अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण तिच्या बाजूने पुरावा आहे, आणि तो वैद्यकशास्त्रानेच दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक जगात पहिला. यातल्या सुमारे दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येईल असा रोग किंवा इजा सापडत नाही. नव्याने उद्भवलेली कळ बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत बरीच ओसरते, औषध घेतले तरी आणि न घेतले तरी. म्हणजे बहुतेक सोशिकांना त्यांचे सोसणे फळते. श्रेय मग कधी तेलाला जाते, कधी पायाळू माणसाला, कधी देवाला. जो गुण दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो तो दहाव्या वेळीही ठरेल असे मानणे माणसाला साहजिक आहे. माझा आक्षेप या दहाव्या वेळेला आहे, आणि तो निव्वळ वैद्यकीय नाही. सोसणे हा गुण आहे हे मान्य करूनच मला म्हणायचे आहे की ज्याची विचारपूस केलेली नाही असे दुखणे सोसण्याला आपल्या धर्मग्रंथांचाही पाठिंबा नाही.

आधी विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की थंडी-ऊन, सुख-दुःख हे इंद्रियांच्या स्पर्शातून येतात, येतात आणि जातात, ते सहन कर. शंकराचार्यांच्या नावावर असलेला विवेकचूडामणी त्याहून कडक आहे. तिथली तितिक्षेची व्याख्या अशी की सगळी दुःखे सोसायची, त्यांच्यावर काही उपाय न करता सोसायची, आणि सोसताना चिंता नाही, विलाप नाही. उपाय न करता, हे शब्द कुणाला खुबीने टाळता येणार नाहीत. ज्याला मोक्षाच्या वाटेवर जायचे त्याने कमरेच्या कळेसाठी वैद्य गाठायचा नाही, असाच त्याचा सरळ अर्थ होतो. मात्र हाच ग्रंथ ही अट कुणाला आणि कितव्या पायरीवर घालतो, तेही पाहायला हवे. साधनचतुष्टयात, म्हणजे साधकाच्या चार पूर्वअटींत, पहिला विवेक, मग वैराग्य, त्यानंतर शमदमादी सहा गुण, आणि त्या सहांत कुठेतरी तितिक्षा. तिथला विवेक नित्य-अनित्याचा आहे, औषधपाण्याचा नव्हे, हे मी मान्य करतो. तरी पारख आधी आणि सोसणे नंतर हा क्रम ग्रंथकाराने उगाच लावलेला नाही. शिवाय ही अट संसार सोडायला निघालेल्या माणसासाठी आहे. भातलावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभी असलेली बाई, किंवा कोयत्यावर गेलेले ऊसतोडीचे जोडपे संन्यासाला निघालेले नसते. त्यांच्या कमरेवर घर उभे असते. त्यांना संन्याशाचा नियम लावायचा आणि संन्याशाची मोकळीक मात्र द्यायची नाही, हा न्याय कुठला? आणि गीतेचाच आधार घ्यायचा तर सतरावा अध्यायही वाचावा लागेल. मूढ हट्टाने स्वतःच्या देहाला पीडा देऊन केलेल्या तपाला तिथे तामस म्हटले आहे. देहातल्या भूतांना, आणि देहात राहणाऱ्या भगवंतालाही, कष्ट देणाऱ्यांची गणना तर आसुरी निश्चयाच्या माणसांत केली आहे. दुसऱ्या अध्यायातले सोसणे आणि सतराव्यातला हट्ट बाहेरून अगदी सारखे दिसतात. फरक आतल्या समजुतीत असतो.

इथे कंबरदुखी तत्त्वज्ञानाच्या कामी येते, कारण या दुखण्याची रीतच अशी आहे की सोसण्याचे माप तिथे चुकते. सोसणारा माणूस कळ मोजतो: किती दुखते, मला किती झेपते. पण कमरेच्या बाबतीत कळेचा जोर आणि धोक्याचा आकार यांचा मेळ बसत नाही. हंडा उचलताना चमक भरली, माणूस जागच्या जागी वाकडा झाला, अंथरुणातून उठवेना, अशी कळ भयंकर असते आणि बहुधा निरुपद्रवी असते. उलट खरोखर तातडीच्या एका प्रकारात दुखणे दुय्यम असते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. तिथून खाली नसांचा एक जुडगा उतरतो, जो पायांना, जननेंद्रियांना, लघवी आणि शौचाच्या मार्गाला चालवतो. मणक्यांमधली चकती बरीच सरकून हा जुडगा दाबला गेला तर सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो. धुताना पाण्याचा स्पर्श नीट कळत नाही. लघवी अडते, किंवा झालेली कळत नाही. शौचावरचा ताबा जातो. दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाते. हे क्वचित घडते, पण घडले तर उद्याची वाट पाहायची नसते. मोठ्या इस्पितळात त्याच दिवशी पोचावे लागते, कारण शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा आयुष्यभर परत न येण्याची भीती असते. या रुग्णापाशी सोसण्यासारखे काय आहे? बधिर जागेला कळ नसते. तितिक्षेला इथे पकडायला काही सापडतच नाही, आणि नेमका इथेच उशीर सगळ्यांत महाग पडतो.

बाकीच्या खुणाही अशाच, जोरापेक्षा सोबतीवरून ओळखायच्या. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटत चाललेले वजन असेल तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडासांध्यांच्या क्षयात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या मणक्याचा. तेव्हा ही आपल्यासाठी पुस्तकातली दूरची गोष्ट नाही. वेळेत कळला तर हा रोग औषधांनी बरा होतो आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. अंगावर काढला तर मणका खचून कुबड येते, पाय लुळे पडू शकतात. चाळिशीच्या आतल्या मुलाची पाठ पहाटे दुखते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास ताठ राहते, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते आणि पडून राहिल्यावर वाढते, तेव्हा घरचे त्याला आळशी ठरवतात. ती अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची सुरुवात असू शकते, आणि या आजाराचे निदान व्हायला अनेकांची कैक वर्षे जातात. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बाईने साधी बादली उचलली आणि कंबर धरली, किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्याची पाठ एकाएकी दुखू लागली, तर ठिसूळ मणका दबला असण्याची शक्यता असते. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असेल, पडझड किंवा अपघात झाला असेल, रात्री झोपेतही दुखणे थांबत नसेल, कळ बरगडीखालून जांघेकडे जाऊन थंडीताप भरत असेल, तर दाखवलेच पाहिजे. सायटिकाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या गृध्रसीच्या, दुखण्यात पाऊल उचलेनासे झाले, चालताना चप्पल पायातून निसटली आणि निसटल्याचे कळलेच नाही, तर प्रश्न फक्त पावलापुरता नाही. नस हार मानते आहे. यातले काहीही नसेल तर थोडी हालचाल चालू ठेवून काही आठवडे वाट पाहायला हरकत नाही; सहा आठवड्यांत उतार पडला नाही तर मात्र दाखवायचे. सक्तीने पडून राहण्याचा जुना सल्ला तर आता डॉक्टरही देत नाहीत.

यावर पहिला आक्षेप प्रारब्धाचा येईल. दुखणे पूर्वकर्माचे फळ असेल तर ते भोगूनच संपणार. औषधाने ते पुढे ढकलले जाईल एवढेच. ही समजूत प्राचीन आहे आणि तिला नकारही तितकाच प्राचीन आहे. पाली संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला हेच विचारतो: माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र कोप, ऋतूचा बदल, शरीराची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी आठवे कर्म. पहिली सात माणसाला स्वतःलाही कळतात आणि जगही ती खरी मानते, तेव्हा सगळे कर्मावर टाकणारे आपल्या माहितीच्या पलीकडे बोलतात, असा त्याचा निवाडा आहे. कर्म मानणाऱ्या गुरूने कर्माला आठातली एक जागा दिली, याचे महत्त्व मला फार वाटते. चरकाने हाच मुद्दा दुसऱ्या वाटेने मांडला. विमानस्थानात आयुष्याची मर्यादा ठरलेली असते की नाही याची चर्चा आहे. सगळ्यांचे आयुष्य नेमलेलेच असते तर पिसाळलेल्या हत्तीपासून कुणी दूर पळाले नसते, असा त्याचा रोखठोक युक्तिवाद. दैव आणि पुरुषकार यांची तो कुस्ती लावतो: दैव दुबळे असेल तर प्रयत्न त्याला हटवतो, दैव बलवान असेल तर ते प्रयत्नाला पाडते. कोणते दैव दुबळे आणि कोणते बलवान हे आधी कुणाला ठाऊक असते? प्रयत्न करून पाहिल्यावरच ते कळते. खरा दैववादी असेल त्यालाही वैद्याकडे जावेच लागेल, कारण बरे होणे नशिबात आहे की नाही याची दुसरी परीक्षा त्याच्यापाशी नाही.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा जड वाटतो. गांधीजींनी १९०९ साली हिंद स्वराज्यात डॉक्टरी धंद्यावर कोरडे ओढले; इव्हान इलिच यांनी १९७५ साली मेडिकल नेमेसिसमध्ये म्हटले की वैद्यकाच्या व्यवस्थेने माणसापासून दुःख सोसण्याची कलाच हिरावून घेतली. प्रत्येक कळ डॉक्टरपुढे मांडणारा समाज निरोगी होत नाही, परावलंबी होतो. कंबरेच्या बाबतीत या आक्षेपाला भक्कम आधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली. म्हणजे एमआरआयमध्ये ‘गॅप’ दिसणे हे केसांत पांढरे दिसण्याच्या पंगतीतले असू शकते. पण तो कागद हातात पडला की माणूस स्वतःला मोडलेला समजू लागतो, वाकायला घाबरतो, कंबरपट्ट्यात अडकतो आणि कधी नको त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो. याहून वाईटही घडले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ओटीपोटात आणि कंबरेत दुखते, पाळीचा त्रास होतो, अंगावरून जाते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण बायकांचे गर्भाशय काढले गेल्याच्या त्या कहाण्या होत्या. वैद्याचे दार प्रत्येक वेळी वैद्याचे असतेच असे नाही. हा आक्षेप मी परतवून लावत नाही. तो माझ्याच बाजूचा आहे असे मला वाटते. दुखण्याची पारख न करता सोसणे आणि पारख न करता कापणे यांच्यात आळस सारखाच असतो, फक्त दुसऱ्यात पैसा असतो. इलिच ज्या कलेबद्दल बोलत होते ती डोळे मिटण्याची कला नसावी. आणि गांधीजींचे म्हणाल तर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून इस्पितळात एका इंग्रज सर्जनकडून त्यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. याला कुणी तत्त्वाशी तडजोड म्हणेल. मला त्यात, कोणता प्रसंग मातीच्या पट्टीचा आणि कोणता चाकूचा, एवढी पारख दिसते.

पण देहच टाकायला निघालेल्यांचे काय, असे विचारता येईल. जैनांची सल्लेखना, म्हणजे उपवासाने देह ठेवण्याचे व्रत, किंवा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडून देह ठेवणारे विनोबा, ही तर उपाय नाकारण्याची मान्य, आदरणीय उदाहरणे. ती जवळून पाहिली तर उलटेच दिसते. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना केव्हा घ्यावी याची यादी आहे: संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग, आणि त्यांना जोडलेली अट अशी की त्यांच्यावर कोणताही उपाय उरलेला नसावा. ही अट पाळायची तर उपाय आहे की नाही हे आधी जाणत्याला विचारावे लागते. विनोबांचे वय तेव्हा सत्त्याऐंशी होते आणि डॉक्टर उशाशी होते; त्यांनी जे नाकारले ते काय आहे हे त्यांना ठाऊक होते. पस्तिशीतल्या शेतमजुराच्या पायातली शक्ती चालली आहे आणि ती वेळेत वाचवता येईल हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही, त्याच्या गप्प बसण्याला या थोरांच्या पंक्तीत बसवणे हा थोरांचाही अपमान आहे आणि त्याचाही.

सोसणे आणि सांगणे यांत विरोध आहे ही आपली समजूत जुन्या लोकांची नव्हती. विनयपिटकाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्गात कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे अवघड, याची पाच लक्षणे दिली आहेत. जो अपथ्य करतो. जो पथ्यातही प्रमाण ओळखत नाही. जो औषध घेत नाही. जो शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार खराखुरा सांगत नाही, वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे कळू देत नाही. आणि जो शरीरात उठलेल्या तीव्र वेदना सोसू शकत नाही. सांगणे आणि सोसणे एकाच यादीत, लागोपाठ. चरकही सूत्रस्थानात रुग्णाचे चार गुण मोजतो: स्मरण, सांगितलेले ऐकणे, निर्भयपणा, आणि आपला रोग नीट सांगता येणे. महावग्गातली ती यादी ज्याच्या तोंडी आहे तो बुद्ध स्वतः कसा वागला, हे पाली ग्रंथांतच आहे. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर त्याने आनंदाला सांगितले की पाठ दुखते आहे, ती जरा ताणून घेतो, पुढचे तू बोल. संघाटीची, म्हणजे भिक्षूच्या वरच्या वस्त्राची, चौघडी करून तो उजव्या कुशीवर पडला. पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही असेच घडले, तिथे पुढचे सारिपुत्ताने सांभाळले. दुःखाचा अंत शिकवणाऱ्याला भरल्या सभेत आपली पाठ दुखते हे बोलण्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे ही सांगण्याची बाजू सोसण्याइतकी कौतुकाची नाही, आणि कंबरेच्या बाबतीत त्याची खरी किंमत लाजेपायी मोजावी लागते. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडते, संबंधाच्या वेळी काही जाणवत नाही, हे सासूला सांगता येत नाही, मुलाला नाही, तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या दहा माणसांदेखत डॉक्टरलाही नाही. म्हणून बाई ‘कंबर दुखते’ एवढेच सांगते, इंजेक्शन घेते, गोळ्यांची पुडी घेऊन परतते, आणि डॉक्टरही वेळेअभावी पुढचे विचारत नाही. चरकाने निर्भयपणा रुग्णाच्या गुणांत का घातला असेल, याचे उत्तर त्या रांगेत मिळते. तिने ते एक वाक्य बोलायला हवे, आणि त्याआधी डॉक्टरने दार लोटून घेऊन तिला लघवीचे आणि बधिरपणाचे स्पष्ट शब्दांत विचारायला हवे.